रणांगणाचा फोटो काढायचा म्हणजे नेमका कशाचा?

सड्यावरची

नमस्कार मंडळी. प्रवासात लढाईच्या जागा आणि थोरामोठ्यांची जपून ठेवलेली घरं वाट वाकडी करून बघायची आम्हा दोघांना सवय आहे. गडांचे फोटो काढणं सोपं. बुरूज आहे, तट आहे, दरवाजा आहे, कसाही कॅमेरा धरा, गड दिसतोच. मोकळ्या मैदानातल्या लढाईचं मात्र काय करायचं? अजिंठा बघून परतताना आम्ही असईला गेलो होतो. जालना जिल्ह्यातलं साधं गाव, भोवती कपाशी आणि मका. २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि आर्थर वेलस्ली इथे भिडले, हे वाचून गेले होते म्हणून मला तिथे उभं राहून काहीतरी वाटलं. फोटो घरच्या ग्रुपवर टाकले तर नणंदबाई विचारतात, "कपाशी कोणाची गं? छान आलीय."

तिचं काय चुकलं? फोटोत कपाशीच होती.

दुसरा प्रश्न घरांचा. रत्नागिरीतलं टिळकांचं जन्मस्थान, गंज पेठेतला फुले वाडा, मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा. आत अंधार, ट्रायपॉड लावता येत नाही, आणि जे फोटो येतात ते सगळ्या घरांचे सारखेच. भिंतीवरची तसबीर, तिला घातलेला हार, काचेच्या कपाटातली पागोटी. घर कोणाचं ते खालच्या ओळीवरूनच कळतं.

तुम्ही काय करता? माझ्याकडे साधा मिररलेस कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ची लेन्स आहे. नवीन काही विकत घ्यायला सांगू नका, एवढीच विनंती.

पेठकर_मूळचा

आधी पाटीचा फोटो काढावा. म्हणजे पुढचे प्रश्न येत नाहीत.

सड्यावरची

@पेठकर, पाटी काढतेच हो. पण ती माझ्या नोंदीसाठी. पाटी झाकली तरी फोटोत काहीतरी उरावं, अशी हाव आहे.

केळणाकाठ

ताई, माझं आजोळ त्याच पट्ट्यातलं, म्हणून जरा लांबण लावतो.

तुम्ही गावाचा फोटो काढलात. असईची लढाई दोन नद्यांची आहे. दक्षिणेला केळणा, उत्तरेला जुई, आणि दोन्ही पूर्वेकडे जाऊन एकमेकींना मिळतात. मधे जिभेसारखी निमुळती होत गेलेली जमीन. शिंद्यांच्या कवायती पलटणी केळणेच्या उत्तर काठावर दक्षिणेकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांचा सरदार पोलमन, मूळचा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. नदी उतरायची तर इंग्रजांना आपल्या तोफांच्या समोरच उतरावं लागेल, हा त्यांचा हिशेब. वेलस्लीचे वाटाडेही त्याला हेच सांगत होते, की दुसरा उतार नाही.

त्याने दुर्बीण लावली. खालच्या अंगाला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. दोन गावं इतकी लागून आहेत म्हणजे त्यांच्यात येणंजाणं असणार, आणि येणंजाणं असेल तर नदीत पायउतारही असणार. एवढ्या तर्कावर त्याने सगळी फौज तिकडे वळवली. उतार निघाला.

म्हणून माझं म्हणणं, फोटो तो काढा. या काठावर उभं राहायचं आणि पलीकडचं गाव पाण्यासकट एका चौकटीत घ्यायचं. गुरं जिथून पाण्यावर उतरतात तिथे काठ झिजून घसरण झालेली असते, ती पुढ्यात ठेवा. बघणाऱ्याला इतिहास ठाऊक नसला तरी "इथून पलीकडे जाता येतं" एवढं कळेल. त्या दिवशी सगळं त्यावरच ठरलं.

दुसरा फोटो असईच्या बाजूने. इंग्रज पूर्वेकडून आत शिरले म्हटल्यावर पोलमनने अख्खी फळी काटकोनात फिरवली, उजवी बाजू केळणेला टेकलेली, डावी असई गावाला. भरलेल्या तोफांसकट हे करणं म्हणजे खायचं काम नव्हे. वेलस्लीची ७४वी पलटण चुकून गावाच्या फार जवळ आली आणि तिथल्या माऱ्यात कापली गेली. त्याच्याकडचे मेलेले-जखमी मिळून सोळाशेच्या घरात. पुढे वॉटर्लू जिंकलेला हा माणूस म्हातारपणीसुद्धा आपली सगळ्यात चांगली लढाई म्हणून असईचंच नाव घ्यायचा. गावाकडे पाठ करून पूर्वेला बघा, मोकळं, किंचित उतरतं रान दिसतं. त्यात लपायला काही नाही. हेच फोटोत यायला हवं, आणि त्यासाठी पीक कमरेखाली असतानाच जायला हवं. मका डोक्याएवढा झाला की संपलं.

तिसरा_डोळा

वा, केळणाकाठ. आता नुसतं कॅमेऱ्याचं बोलतो.

अशा जागी गेल्यावर सगळ्यांचा हात लेन्स १८ वर, म्हणजे सगळ्यात रुंद टोकावर, न्यायला जातो. मैदान मोठं, तर सगळं मावायला हवं. तिथेच फोटो फसतो. वाइड लेन्सने लांबचं गाव आणखी लांब जातं, चढ-उतार सपाट होतात, खालचा अर्धा फोटो ढेकळांचा आणि वरचा अर्धा आभाळाचा. ५५ वर, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या टोकावर, न्या आणि चार पावलं मागे जा. पलीकडचा काठ अंगावर येईल, अंतर किती ते समजेल. सगळं मैदान दाखवायचा हट्ट असेल तर मोबाइल उभा धरून पॅनोरमा काढा, पण तो दुसरा फोटो म्हणून.

उतार दाखवायचा तर ऊन तिरपं हवं. सकाळी आठच्या आत किंवा पाचनंतर. भर दुपारी सावल्या पायाखाली जातात आणि टेकाडसुद्धा पत्र्यासारखं सपाट दिसतं. जो उंचवटा चढताना माणसं पडली तो फोटोत दिसतच नाही.

आणखी एक. घोडेस्वाराचे डोळे जमिनीपासून सात-आठ फुटांवर असतात. तुम्ही पाच फुटांवरून बघता. जवळ ट्रॅक्टरची ट्रॉली उभी असेल तर विचारून वर चढा. सरदाराला काय दिसत होतं आणि पायदळाला काय दिसत नव्हतं, ते दोन फोटो शेजारी ठेवले की मजा बघा.

आणि चौकटीत माणूस असू द्या. मोजमाप कळतं. शेतकरी रानातून बाजूला होण्याची वाट बघत बसणारे लोक मला समजत नाहीत.

ड्रोनाचार्य

एवढी खटपट कशाला? ड्रोन उडवा. दोन्ही नद्या, दोन्ही गावं, संगम, सगळं एका फोटोत. अडीचशे ग्रॅमच्या आतलं यंत्र असेल तर परवान्याची भानगडसुद्धा नाही.

शंकासूर

परवाना नसला तरी भानगड आहे. २०२१च्या नियमांप्रमाणे आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर जागा लाल, पिवळी की हिरवी ते बघावं लागतं. केंद्रीय पुरातत्त्वच्या संरक्षित वास्तूवर परवानगीशिवाय ड्रोन चालत नाही, मग तो चिमणीएवढा का असेना. आणि मुद्दा वेगळाच आहे. ड्रोनला जे दिसतं ते त्या दिवशी कुणालाच दिसलं नव्हतं. वेलस्लीला वरून दिसलं असतं तर तर्क लढवायची गरजच पडली नसती.

ड्रोनाचार्य

नकाशासुद्धा वरूनच काढतात. मग पुस्तकातले नकाशे फाडून टाकूया का?

तिसरा_डोळा

दोघांचंही खरं. ड्रोनचा फोटो नकाशा म्हणून आधी दाखवा, जमिनीवरचा नंतर. पण परवानगीचं शंकासूर म्हणतात ते गांभीर्याने घ्या. यंत्र जप्त झालं की धागा काढायला इथेच याल.

यमुनापार

नोकरीमुळे पानिपतला राहतो. मराठी पाहुणे आले की त्यांना काला आंबला, म्हणजे लढाईच्या स्मारकाला, नेणं माझ्याकडेच येतं. विटांचा स्तंभ, वर लोखंडी दांडा, भोवती कुंपण आणि बाग. सगळे स्तंभासमोर उभे राहून फोटो काढतात आणि विचारतात, "मैदान कुठाय?" मैदान म्हणून वेगळं राखलेलं काही उरलेलं नाही. शहर वाढलंय, कापडाचे कारखाने आहेत, हमरस्ता आहे, आणि मधे मधे गव्हाची शेतं.

मी पाहुण्यांना एकच गोष्ट करायला लावतो. मराठ्यांची छावणी पानिपत गावाला धरून होती. अब्दाली दक्षिणेला, म्हणजे दिल्लीच्या वाटेवर बसलेला. दिल्लीकडे सरकायचं तर त्याच्यातूनच जायचं, म्हणून १४ जानेवारी १७६१ ला आपल्या फौजेचं तोंड दक्षिणेकडे. जानेवारीत इथे सूर्य भर दुपारीसुद्धा डोक्यावर येत नाही, दक्षिणेला जेमतेम चाळीस अंशांवर असतो. दुपारी बारानंतर दक्षिणेकडे तोंड करून कॅमेरा डोळ्याला लावा. समोरचं झाड काळं पडतं, लेन्समध्ये उन्हाचे ठिपके उठतात, डोळे बारीक करावे लागतात. सगळे म्हणतात फोटो बिघडला. मी म्हणतो, हाच ठेवा. मग वळून उत्तरेकडचा काढा, म्हणजे अब्दालीच्या बाजूने दिसणारा. निळं आभाळ, झाडाचं पान न् पान मोजून घ्यावं इतकं स्वच्छ.

हे दोन फोटो एकमेकांशेजारी लावून माझ्या बैठकीत टांगलेत. खाली काही लिहिलेलं नाही. बघणारा आपणहून विचारतो.

जानेवारीत येणार असाल तर सकाळचं विसरा. धुकं इतकं असतं की रस्त्यापलीकडचा माणूस दिसत नाही. धुक्याचाच फोटो हवा असेल तर ऑटोफोकस बंद करा, नाहीतर लेन्स नुसती पुढे-मागे शोधत बसते, आणि एक्स्पोजर थोडं वाढवा, नाहीतर पांढरं धुकं कळकट येतं. गव्हाचाही फोटो काढा. दोन महिन्यांवर कोंडून पडलेली, दाण्याला महाग झालेली फौज शेवटी निकराने बाहेर पडली, त्या जागेवर जानेवारीत गुडघाभर हिरवा गहू असतो. त्याला काय म्हणावं, मला सुचत नाही.

शंकासूर

यमुनापार, फोटोंची जोडी झकास. पण उन्हाने पानिपत घालवलं असं कुणी वाचून घेईल म्हणून लगेच मीठ टाकतो. केळणाकाठ यांच्या असईकडे बघा. २३ सप्टेंबर, म्हणजे दिवस-रात्र समान असतात तेव्हा. सूर्य अगदी नेमका पश्चिमेला मावळतो. लढाई दुपारी उशिरा पेटली आणि इंग्रज पूर्वेकडून पश्चिमेला चालून गेले. आभाळ मोकळं असेल तर ऊन सरळ त्यांच्याच डोळ्यात. तरी जिंकले. तेव्हा ऊन ही एक अडचण, कारण नव्हे.

जाता जाता, "संक्रांतीच्या दिवशी पानिपत" हेही एकदा सोडून द्या. संक्रांत साधारण सत्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. १७६१ साली ती लढाईच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. तिथी पौष शुद्ध अष्टमी.

यमुनापार

मी अडचणच म्हणालो होतो. बाकी संक्रांतीचं माझ्या बायकोला तुम्हीच सांगा.

रानोमाळ

पावनखिंडीचा अनुभव याच अंगाने. उन्हाळ्यात तिथे गेलात तर एक कोरडी घळ दिसते आणि आज बांधलेल्या पायऱ्या, लोखंडी कठडे. इतक्या मोठ्या फौजेला एवढ्याशा जागी तासन्‌तास का थांबावं लागलं, ते डोक्यात शिरत नाही. जुलैत जा. १६६० साली शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून निसटले ते जुलैतल्या पावसातच. मसाईच्या पठारावर वारा माणसाला ढकलतो, पांढरेपाणी गावापासून पुढे चिखल पाय सोडत नाही, आणि खिंडीत पाणी वरून धावून येतं. खाली उतरून, कॅमेरा उभा धरून, वर चढणारी दोन माणसं घ्या. दोघं शेजारी शेजारी धड चालू शकत नाहीत हे दिसलं की बाजीप्रभूंचं गणित दिसलं.

कॅमेरा पावसात सांभाळायचा तर एक सुती पंचा आणि छत्री धरणारा मित्र पुरतो. लेन्सच्या आत वाफ धरते ती कॅमेरा सारखा बॅगेत घालून काढल्यामुळे. एकदा बाहेर काढलात की बाहेरच राहू द्या, छत्रीखाली. कठडे फोटोतून गाळायचा आटापिटा करू नका, ते आजचे आहेत तर आजचेच दिसू देत.

पाऊस नको असेल त्यांनी फेब्रुवारीत उंबरखिंड करावी. खोपोलीजवळ आहे, स्मारक नदीच्या पात्रातच उभं आहे. मोगल सरदार कारतलबखानाची फौज १६६१ च्या फेब्रुवारीतच तिथे अडकली होती. ऋतू आपसूक जुळतो.

पेठकर_मूळचा

पुण्यातली जागा कुणीच सांगितली नाही म्हणून सांगतो. ५ नोव्हेंबर १८१७, खडकीची लढाई. दुसरा बाजीराव ती पर्वतीवरून बघत होता, आणि जिथून बघत होता ती जागा वर देवस्थानात दाखवतात. तिथून गणेशखिंडीच्या रोखाने कॅमेरा धरा. इमारती, टाक्या, टॉवर, पुन्हा इमारती. मराठ्यांचं राज्य जिथे बुडायला लागलं ते रान आज पूर्ण भरून गेलंय. माझ्या मते असईच्या मोकळ्या शेतापेक्षा हा फोटो जास्त बोलतो. पुणेकर म्हणून नाही म्हणत.

प्रत्यक्ष खडकीत जाऊन कॅमेरा बाहेर काढू नका. लष्कराचा भाग आहे, दारूगोळ्याचा कारखाना आहे, फोटोला मनाई आहे. इतिहासाची आवड वगैरे सांगून तिथला पहारेकरी ऐकत नसतो.

जर्सीकर

अमेरिकेतल्या गेटिसबर्गला आमच्याकडून गाडीने जाता येतं. भारतातून कुणी आलं की नायगारानंतर तिथे नेतो. १ ते ३ जुलै १८६३, अमेरिकेतल्या यादवी युद्धातली तीन दिवसांची लढाई. अख्खं मैदान राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलंय, तेराशेहून जास्त स्मारकं, जुनी कुंपणं, फळबागासुद्धा त्या काळी होत्या तिथे पुन्हा लावायचं काम केलंय. ड्रोनला साफ बंदी. गावात एक घर जपलंय. त्यात जेनी वेड नावाची वीस वर्षांची मुलगी कणीक मळत असताना दारातून आलेल्या गोळीने गेली. ते भोक पडलेलं दार अजून आहे. त्याचा फोटो काढताना मी बाहेरून भोकाचा काढला नाही, आतून, ती उभी होती त्या बाजूने काढला.

तिथला एक किस्सा फोटो काढणाऱ्यांनी ऐकण्यासारखा आहे. लढाई संपल्यावर अलेक्झांडर गार्डनर या छायाचित्रकाराने दगडांच्या आडोशाला मरून पडलेल्या एका बंदूकधाऱ्याचा फोटो काढला. खूप गाजला. शंभर वर्षांनंतर अभ्यासकांनी बाकीचे फोटो आणि तिथले खडक ताडून पाहिले तेव्हा कळलं, की प्रेत दुसरीकडून उचलून आणून तिथे ठेवलं होतं, शेजारी बंदूकही मांडली होती. खडक अजून तसेच आहेत. लोक तिथे जाऊन तोच फोटो प्रेताशिवाय काढतात.

नवाबनगरी

जर्सीकर, अमेरिकेपर्यंत जायला नको, आमच्या लखनौलाच या. फेलिचे बेआतो हा छायाचित्रकार १८५८ साली इथे आला. सिकंदरबागेत आदल्या नोव्हेंबरात इंग्रजांनी शिपायांची कत्तल केली होती. बेआतोला रिकामी बाग नको होती, म्हणून झाकलेले अवशेष उघडे करून आवारात पसरले आणि मग फोटो काढला. भारतातल्या युद्धाच्या सुरुवातीच्या फोटोंपैकी हा एक, आणि तोही मांडलेला.

रेसिडेन्सी, म्हणजे इंग्रज रेसिडेंटचं राहतं आवार, मात्र जरूर बघा. घरही तेच आणि रणांगणही तेच. भिंतींवर तोफगोळ्यांचे खड्डे आहेत तसेच ठेवलेत. खड्ड्यांचा फोटो समोरून काढला तर नुसते डाग दिसतात. सकाळी ऊन भिंतीला घासून येतं तेव्हा भिंतीलगत उभं राहून बाजूने काढा, खोली दिसते. केंद्रीय पुरातत्त्वकडे आहे. साध्या हातातल्या कॅमेऱ्याला कुणी अडवत नाही, ट्रायपॉड काढलात की शिट्टी वाजते.

ओटी_पडवी

ताईंचा दुसरा प्रश्न सगळे विसरले, म्हणून घरांचं मी घेते. जुनी घरं मोजायचं, त्यांचे आराखडे काढायचं काम बरीच वर्षं केलंय, त्यामुळे थोडी आज्जीगिरी सहन करा.

तुमचे फोटो सारखे येतात कारण तुम्ही उभ्याने काढता. ही घरं उभं राहून बघायची नव्हेतच. माणसं जमिनीवर बसायची. लिहायची बसून, जेवायची बसून, निवाडे करायची बसून. वाड्याच्या माडीवरच्या खिडक्या बघा, कट्टा जमिनीपासून वीतभर-दीड वीत वर. उभ्या माणसाला त्यातून समोरच्या घराचा पाया दिसतो, बसलेल्याला रस्त्यावरचा माणूस दिसतो. तेव्हा आधी बसा. मांडी घालून, कॅमेरा छातीशी. खोली एकदम मोठी होते, कोनाडे हाताच्या उंचीवर येतात, आणि खुंटी कुठे का ठोकली ते कळतं.

अंधाराचं. कोकणातलं घर अंधारंच असतं. कौलांची वळचण मुद्दाम खाली आणलेली, म्हणजे पाऊस पडवीत मारत नाही. टिळकांच्या जन्मस्थानात भर उन्हाळ्यात गेलात तर बाहेरचं अंगण पांढरंफटक आणि आत काळोख, कॅमेऱ्याला दोन्ही सांभाळत नाही. पावसाळ्यात ढगाळ दिवशी जा. बाहेरचा उजेड उतरतो, आत-बाहेरचा फरक कमी होतो, आणि चिऱ्याच्या भिंतीचा, शेणाच्या-मातीच्या जमिनीचा खरा रंग येतो. ते नाही जमलं तर बाहेरच्या उजेडाला मोजून घ्या आणि आतलं काळं पडू द्या. माजघर काळं असणं यात खोटं काही नाही.

ट्रायपॉड नाही तर खांब आहे. खांद्याने खांबाला रेला, श्वास सोडा, मग दाबा. किंवा कॅमेरा पायरीवर ठेवून दोन सेकंदांचा टायमर लावा. उंबऱ्यावर ठेवू नका, अजून काही घरांत ते खटकतं.

सगळ्यात मोठी युक्ती फुकटची आहे. राखणदाराला गोड बोलून विचारा, "दोन मिनिटं ट्यूबलाइट बंद करता का?" खिडकीच्या उजेडाचा रंग वेगळा, ट्यूबचा वेगळा, दोन्ही मिसळले की लाकूड मेल्यासारखं दिसतं. दिवा गेला की खांबाची नक्षी आपोआप वर येते. राखणदारांना हे कुणी विचारत नाही, त्यामुळे बहुतेक वेळा ते खूश होतात आणि कुलूपबंद खोलीही उघडून दाखवतात.

आणि काय काढायचं? ज्याला हात लागलेत ते. दाराची कडी जिथे आपटते तिथे लाकडात पडलेला खळगा. जिन्याचा धरायचा दोर. जात्याच्या खुंटीचा गुळगुळीतपणा. अडसर सारायची भिंतीतली खोबण. तसबीर सगळीकडे एकच असते, खळगे सारखे नसतात.

मेणवलीला घाटावरच्या देवळात ती पोर्तुगीज घंटा आहे, चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतली. तिच्यावर मेरी आणि बाळ येशूचा उठाव आहे, १७०७ हे साल आहे. समोरून फ्लॅश मारला तर सगळं पुसून निघतं. मोबाइलची टॉर्च सोबत्याच्या हातात देऊन घंटेच्या अगदी कडेने पाडा, आकडे न् आकडा उठून येतो. वाडा मात्र वंशजांचा खाजगी आहे, विचारल्याशिवाय आत कॅमेरा नको.

सड्यावरची

ओटी_पडवी, बसून काढायचं खरंच कधी डोक्यात आलं नव्हतं. रत्नागिरी माहेरच आहे, ढगाळ दिवसांची तिथे वानवा नाही. फुले वाड्याचं काय कराल?

ओटी_पडवी

तिथे मी दारातून आवाराकडे बघणारा फोटो काढेन, विहीर चौकटीत ठेवून. १८६८ साली जोतीरावांनी घरचं पाणी अस्पृश्यांना खुलं केलं, हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. पण ते पाणी कुठे लांब चौकात नव्हतं, घराच्या हद्दीत होतं. येणारा माणूस यांच्या अंगणातून येणार, सगळी पेठ ते बघणार, आणि आत सावित्रीबाई असणार. ते अंतर दिसलं पाहिजे. मागे तुळशीवृंदावनात जोतीरावांच्या अस्थी आहेत. ११ एप्रिल आणि २८ नोव्हेंबरला लोक दुरून दर्शनाला येतात. त्यांच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखायचा तर आधी बोला. ती माणसं फोटोसाठी आलेली नसतात.

लंडनवाला_विदर्भी

हेच इथे लंडनमधल्या १०, किंग हेन्रीज रोडलाही लागू. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहिले, २०१५ साली महाराष्ट्र सरकारने घर विकत घेतलं. बाहेरून इतर घरांसारखंच, ओळीतलं एक, फक्त निळी गोल पाटी. समोरच्या फुटपाथवरून आजूबाजूच्या दोन घरांसकट काढा. नुसत्या पाटीचा क्लोजअप काढला की ती कुठल्याही भिंतीवर असू शकते. आणि शेजारी राहती घरं आहेत, त्यांच्या खिडक्यांत डोकावू नका.

साश्टीकार

राहत्या घरांचा विषय निघालाच आहे तर गोव्यातल्या चांदरचं ब्रागांझा घर घ्या. एकच लांबलचक घर, दोन भाग, दोन कुटुंबं, अजून राहतात. पर्यटक येतात ते संग्रहालयात आल्यासारखे. नाचाचं दालन, झुंबरं, संगमरवरी फरशी, बघायला पुष्कळ आहे, पण घर सांभाळणं म्हणजे काय ते गोव्यात राहणाऱ्याला विचारा. पावसाळा संपला की दर वर्षी कौलं, वाळवी, चुना. घरच्यांनी फोटो नको म्हटलं तर नको. डबीत पैसे टाका, घरची बाई सांगते ते ऐका. माझं तर म्हणणं, तिची परवानगी मिळाली तर झुंबराआधी तिचाच फोटो काढा. घर तिने जपलंय.

ड्रोनाचार्य

घरात ड्रोन नाही उडवणार, काळजी नसावी. पण रत्नागिरीचा थिबा राजवाडा कुणीच कसा घेतला नाही? ब्रह्मदेशचा राजा, १८८५ ला राज्य गेलं, पुढची जवळजवळ सगळी वर्षं रत्नागिरीत. राजवाडा १९१० ला तयार झाला, १९१६ ला राजा गेला. हरलेल्याचं घर आहे ते.

ओटी_पडवी

हे बाकी लाखातलं बोललात. तिथे कोरीव लाकडी खिडक्या आणि रंगीत काचा आहेत. लोक काचांचा फोटो काढतात. काचेचा रंग जमिनीवर पडतो तो काढा, आणि जमलं तर वरून दिसणारा समुद्राकडचा देखावा. राजा रोज तेच बघत बसायचा म्हणतात.

सड्यावरची

मंडळी, वही भरली. ठरवलंय, असईला पुन्हा जायचं, २३ सप्टेंबरलाच. दुपारी केळणेचा उतार, संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून शंकासूरांच्या उन्हाची परीक्षा. कुणी येतंय का?

शंकासूर

येतो. ढग निघाले तर माझ्यावर बिल फाडू नका.

तिसरा_डोळा

मीही. ताई, ५५ वर टेप लावून ठेवा, १८ कडे हात जायला नको.

केळणाकाठ

या की. भोकरदनपर्यंत एसटी आहे, पुढचं मी बघतो. कपाशी तेव्हा पाते-बोंडावर असते, शेतात शिरायच्या आधी मालकाला हाक मारा, बांधावरून चाला. नदीत उतरायचं तर जुन्या वहाणा घाला, गाळ असतो. आणि आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर गाडी डांबरी रस्त्यावरच सोडा. काळ्या रानात चाक रुतलं तर ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि त्या दिवसांत ट्रॅक्टर मिळत नाही.